अडकलेला बोल्ट आणि त्याचे शास्त्र

लोखंडास गंज चढतो, ही गोष्ट उधव्याच्या मुलास कोणी शिकवावयास नको. कुडावर अडकविलेला विळा पावसाळ्यानंतर काढला म्हणजे तो तांबूस झालेला असतो. सायकलची साखळी आठ दिवस तेलावाचून राहिली की कुरकुरू लागते. घरावरचे पत्रे खिळ्यांच्या भोवतीच प्रथम खातात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या भागात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात समुद्रही फार दूर नाही. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरून बर्फात घातलेली मासळी घेऊन निघालेल्या गाडीच्या तळातून खारे पाणी वाटभर गळत असते, आणि ते पाणी गाडीच्या सांगाड्यावर, ब्रेकच्या पत्र्यांवर व बोल्टांच्या आट्यांत जाऊन बसते. तलासरीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या कित्येक घरांस भाकरी देणारा आहे. कोणाचा बाप त्यावर ट्रक चालवितो, कोणाचा भाऊ क्लीनर आहे, कोणाच्या दारात गवत व भाजी वाहणारी लहान गाडी उभी असते. म्हणून गंजलेल्या बोल्टाचा विषय शाळेच्या वार्षिकात आला, तर वाचकांनी नवल मानू नये.

या लेखास निमित्त झाला तो एका विद्यार्थ्याचा प्रश्न. वर्गात साध्या यंत्रांचा पाठ चालला होता. तरफेचा दांडा जितका लांब तितके बल कमी लागते, हे फळ्यावर मांडून झाल्यावर तो उभा राहिला व म्हणाला, “सर, आमच्या बाबांनी ब्रेक खोलताना पान्याला लांब पाईप लावला. तुमच्या नियमाप्रमाणे बोल्ट सुटायला पाहिजे होता. तो तुटला. मग नियम खोटा का?” चौकशी करता कळले की, त्याचे वडील आपल्या लहान ट्रकचे ब्रेक स्वतःच खोलतात. पावसाळा संपून गवताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी लायनर बदलावयाचे होते. मागच्या चाकाच्या ब्रेक-प्लेटचा एक बोल्ट हलेना, म्हणून पाईप लावला. बोल्टाचे डोके हातात आले आणि दांडी आतच राहिली. ऐन हंगामात गाडी चार दिवस दारात उभी राहिली. त्या चार दिवसांचे भाडे गेले ते गेलेच. मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरा होता, आणि त्याचे उत्तर एका तासात देऊन संपण्याजोगेही नव्हते. ते येथे सावकाशीने देण्याचा विचार आहे.

प्रथम बोल्ट म्हणजे काय ते पाहू. एका कागदाचा काटकोन त्रिकोण कापावा व त्याची उभी बाजू पेन्सिलीस लावून तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी बाजू पेन्सिलीवर वळणे घेत वर चढत गेलेली दिसेल. हाच बोल्टाचा आटा. म्हणजे बोल्ट हा दांडीभोवती गुंडाळलेला चढावाचा रस्ता आहे. दहा मिलिमीटर जाडीच्या सामान्य बोल्टाचा नट एक फेरा घेतो, तेव्हा तो दीड मिलिमीटर पुढे सरकतो. पण तेवढ्यात आट्यावरील बिंदू सुमारे २८ मिलिमीटर वाट चालून गेलेला असतो. एकोणीस पावले चालावे तेव्हा एक पाऊल वर जावे, असा हा अतिशय सौम्य चढ आहे. इतक्या सौम्य उतारावर उभी केलेली भरली बैलगाडी घर्षणामुळे आपोआप खाली घसरत नाही, तसाच घट्ट केलेला नटही आपोआप उलटा फिरत नाही. आट्यांचे माप पूर्वी ज्याच्या त्याच्या कारखान्याचे निराळे असे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून सर्वांसाठी एक माप सुचविले. पुढे अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचविला, आणि आजच्या मेट्रिक बोल्टांचा कोनही ६० अंशच आहे. एका गावी विकत घेतलेला नट दुसऱ्या गावच्या बोल्टावर बसतो, यामागे एवढा इतिहास आहे.

आता घट्ट करणे म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, नट फिरवून फिरवून शेवटी तो टेकतो व अडकतो. वस्तुतः नट टेकल्यानंतरच खरे काम सुरू होते. त्यापुढे आपण जो जोर लावतो त्याने बोल्टाची दांडी ताणली जाते. पोलादही रबरासारखे ताणले जाते; फक्त ते ताणणे डोळ्यास दिसत नाही. ताण जितका द्यावा तितकी लांबी वाढते व ताण काढताच वस्तू पूर्ववत होते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. घट्ट केलेला बोल्ट म्हणजे ताणून ठेवलेली स्प्रिंग होय, आणि तिच्या ओढीनेच दोन पत्रे एकमेकांस चिकटून राहतात. परंतु मौज अशी की, पान्याने आपण जो फिरविण्याचा जोर देतो, त्यातला सुमारे निम्मा भाग नटाच्या किंवा डोक्याच्या खालच्या घर्षणात खर्च होतो, सुमारे चार दशांश आट्यांतील घर्षणात जातो, आणि जेमतेम एक दशांश बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. हा फिरविण्याचा जोर म्हणजे पाठ्यपुस्तकातील बलाचे आघूर्ण. आपण त्यास या लेखापुरता ‘पीळ’ म्हणू. बल आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार केला की पीळ मिळतो. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास वीस किलोग्रॅमचा जोर दिला, तर पाच किलोग्रॅम-मीटर पीळ झाला.

या हिशेबावरून दिसते की, नवा स्वच्छ बोल्ट सोडविताना तो घट्ट करताना लागला त्यापेक्षा थोडा कमीच पीळ पुरावा, कारण ताणलेली दांडी स्वतःच उतारावरून परत यावयास मदत करते. तसा तो सुटतोही. ज्याने कालच चाक बसवून आज काढले आहे त्यास हे ठाऊक असते. मग सहा महिन्यांनी तोच बोल्ट दुप्पट-तिप्पट जोर का मागतो? येथे गंज पुढे येतो.

गंज चढण्यास दोन वस्तू लागतात, पाणी आणि हवेतील प्राणवायू. यांपैकी एक नसेल तर गंज चढत नाही. हे घरी करून पाहता येते. तीन बाटल्यांत तीन स्वच्छ खिळे टाकावेत. पहिलीत साधे पाणी खिळा अर्धा बुडेल इतके घालावे. दुसरीत चांगले उकळून हवा घालविलेले पाणी भरून वर खाद्यतेलाचा थर द्यावा, म्हणजे हवा आत जाणार नाही. तिसरी कोरडी ठेवून तीत चुनकळीचा खडा टाकावा, म्हणजे आतील ओल तो शोषून घेईल, आणि बूच घट्ट लावावे. आठवड्याने पाहिल्यास फक्त पहिल्या बाटलीतील खिळा तांबडा झालेला दिसतो. चौथी बाटली घेऊन पहिलीसारख्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, तर गंज अधिक लवकर चढतो. कारण मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, आणि गंज चढणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. मासळीच्या गाड्या लवकर का खातात, हे या चौथ्या बाटलीत दिसते.

पण बोल्टाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गंज हा लोखंडाच्या जागी नुसता रंग बदलून बसत नाही; तो फुगतो. जितके लोखंड खाल्ले गेले त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्यापासून झालेला गंज व्यापतो. उघड्या पत्र्यावर तो पापुद्र्यांनी सुटून पडतो. आट्यांच्या फटीत मात्र पडावयास जागा नसते; तेथे तो पाचर मारल्याप्रमाणे दाटून बसतो व दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत रुतवितो. ब्रेकमधील बोल्टांवर तर दुहेरी संकट. ब्रेक दाबला की ड्रम तापतो आणि बसविताना लावलेले तेलाचे बोट कधीच जळून जाते. गाडी नदी-नाल्यातून, डबक्यातून गेली की तापलेल्या भागावर एकदम पाणी येते. तापणे, भिजणे, वाळणे असे दिवसातून शंभर वेळा होत असते. त्यामुळे गाडीतील दुसरे बोल्ट मुकाट्याने सुटतात आणि ब्रेकचे मात्र अडून बसतात.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तरफेचा नियम खोटा नाही. तो इतका खरा आहे की त्यानेच बोल्ट तोडला. दहा मिलिमीटरचा चांगल्या पोलादाचा बोल्ट सुमारे पाच किलोग्रॅम-मीटर पिळाने घट्ट करतात; त्याच्या दुप्पट पीळ सरळ दांडीवर पडला तर ती बहुधा मोडतेच. मीटरभर पाईप लावून माणसाने नुसता पंचवीस किलोग्रॅमचा जोर दिला, तरी पीळ पंचवीस होतो. आट्यांनी दहापर्यंत दाद दिली नाही, तर पुढे काय व्हावयाचे ते ठरलेलेच आहे. तरफ बल वाढविते. पण ते बल गंजावर पडावे की दांडीवर, हे ती निवडत नाही. साखळीचा कच्चा दुवा तुटतो, तसे येथे गंजापेक्षा दांडी कच्ची ठरली. यास्तव जोर वाढविण्यापूर्वी पकड कमी केली पाहिजे. पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, लोखंड बोथट असता अधिक बळ लागते व शहाणपण अशा वेळी कामास येते, अशा अर्थाचे एक वचन आहे. ते लिहिणाऱ्याने पाना पाहिला नसेल, पण लोखंडाशी झगडणारी माणसे त्याने पुष्कळ पाहिली असावीत.

पकड कमी कशी करावी, हे सांगण्यापूर्वी जिवाच्या रक्षणाच्या चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. पालकांनी हा भाग मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. अडकलेल्या बोल्टास माणूस अंगाची सारी ताकद लावतो; गाडी नीट टेकविलेली नसेल तर तीच ताकद तिला जॅकवरून ढकलून देते. म्हणून सपाट व कठीण जमीन पाहावी, जी चाके उचलावयाची नाहीत त्यांना पुढून व मागून ओट लावावा, आणि गाडी उचलल्यावर ॲक्सलखाली लोखंडी घोडी दिल्यावाचून हात आत घालू नये. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा व दगड यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. ते एकाएकी फुटतात. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवावेत.

ब्रेकमधील काळी भुकटी ही नुसती धूळ समजू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस घालीत असत. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन रुततात, आणि त्यांपासून होणारे भयंकर रोग वीस-तीस वर्षांनंतर डोके वर काढतात. कोणता लायनर कशाचा बनलेला आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून सर्वच भुकटी विषारी मानावी. ती तोंडाने फुंकू नये, कंप्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या कुंच्याने झाडू नये. साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि लहान मुलांस त्या वेळी जवळ उभे करू नये. पुष्कळ ठिकाणी दिवा धरण्यासाठी मुलालाच पुढे बसवितात. ही रीत टाकून द्यावी.

तिसरी गोष्ट मोठ्या गाड्यांची. हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या गाड्यांत मागील ॲक्सलजवळ गोल डबे असतात, व त्यांत एक जबरदस्त स्प्रिंग दाबून कोंडलेली असते. हवा गेली तरी गाडी उभी राहावी यासाठी ती योजना आहे. तो डबा गंजलेला आहे म्हणून त्याचा पट्टा खोलू लागणे म्हणजे भरलेल्या बंदुकीच्या नळीत डोकावणे होय. सुटलेल्या स्प्रिंगने माणसे मेलेली आहेत. हे काम घरी करावयाचेच नाही. चौथी गोष्ट आगीची आहे. ती तिच्या जागी येईल.

आता बोल्टाकडे वळू. प्रथम तारेच्या ब्रशाने आट्यांचे उघडे टोक व डोक्याभोवतालची माती, गंज, रंग स्वच्छ काढावा. नटाबाहेर आलेल्या आट्यांवर गंजाचे खडे असतील तर नट सुटून त्यांवर येताच पुन्हा अडकतो. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मग पातळ तेल द्यावे. पूर्वी घरोघरी रॉकेल असे, तेव्हा रॉकेल वापरीत. कोणी डिझेल वापरतात. बाजारात फवाऱ्याच्या डब्यांतून खास तेले मिळतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तयार झाले. त्याचा मूळ हेतू पाणी हटवून धातूचे रक्षण करण्याचा होता, आणि चाळिसाव्या प्रयत्नास ते साधले म्हणून नावात चाळीसचा आकडा आला, असे सांगतात. गंज भेदण्यासाठी म्हणून बनविलेली तेले त्याहून निराळी असतात, व ती मिळाल्यास उत्तम. कोणतेही तेल असो, ते आत शिरते ते केशाकर्षणाने. दिव्याच्या वातीत तेल ज्या कारणाने वर चढते, त्याच कारणाने ते आट्यांच्या बारीक फटीत शिरते, आणि फट जितकी अरुंद तितके खोल जाते. मात्र त्यास वेळ लागतो. तेल मारून लगेच पाना लावणे म्हणजे बी पेरून लगेच विळा घेऊन उभे राहणे. संध्याकाळी तेल द्यावे, डोक्यावर लहान हातोडीने दहा-वीस हलक्या टिचक्या माराव्यात, रात्री निजण्यापूर्वी पुन्हा तेल व पुन्हा टिचक्या, आणि पाना सकाळी उचलावा. टिचक्यांनी गंजाचे कण तडकतात व तेलास नवी वाट होते. ज्याच्या गाडीचे भाडे सकाळी सातचे आहे त्यास हा सल्ला रुचणार नाही, हे खरे. म्हणून ब्रेकचे काम भाड्याच्या आदल्या रात्री काढू नये. एक जपणूक मात्र हवी. तेलाचा थेंबही लायनरवर किंवा ड्रमच्या आतील बाजूस जाऊ देऊ नये. तेल लागलेला लायनर धरत नाही, आणि बदलावाच लागतो.

पाना कोणता घ्यावा? फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला की त्याचा जबडा उघडतो व नटाचे कोपरे घासून गोल होतात. एकदा कोपरे गेले की सोपे काम अवघड होते. म्हणून रिंग पाना किंवा गोटी पाना घ्यावा, आणि तोही सहा कोनांचा, बारा कोनांचा नव्हे. सहा कोनांचा पाना कोपऱ्यावर न चढता सपाट बाजूंवर भार देतो. माप तंतोतंत असावे. जुन्या गाडीत इंची बोल्ट व मेट्रिक बोल्ट मिसळलेले आढळतात. ‘जवळपास बसतो’ असा पाना घेऊ नये. पाना ओढावा, ढकलू नये. ढकलणेच भाग असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावे, म्हणजे बोल्ट एकाएकी सुटला तरी बोटांची हाडे लोखंडावर आपटणार नाहीत.

आणि पहिला जोर सोडण्याच्या दिशेने देऊ नये. प्रथम किंचित घट्ट करण्याच्या दिशेने द्यावा. हे उलटे वाटते, परंतु त्यामागे कारण आहे. गंजाची पकड कोणत्याही दिशेच्या हालचालीने तुटते, आणि घट्ट करण्याच्या बाजूस केसभर जरी हालला तरी ती तुटलीच. मग उलट, मग सुलट, असे थोडे थोडे हालवावे. पाव फेरा सुटला की पुन्हा तेल द्यावे व अर्धा पाव परत घ्यावा, म्हणजे सुटलेला चुरा पुढे दाटत नाही. हातास या वेळी पुष्कळ कळत असते. बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा ‘कड’ असा आवाज होऊन पाना एकदम हलका होतो. याउलट आवाज न होता पाना मऊ मऊ, ओल्या लाकडात फिरल्यासारखा फिरू लागला, तर बोल्ट सुटत नाही. दांडी पिळली जात आहे. तत्क्षणी थांबावे. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनाही ही खूण कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते.

तेलाने भागले नाही तर दोन उपाय राहतात, धक्का आणि उष्णता. धक्क्याचे गणित न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. एक किलोग्रॅमचा हातोडा सेकंदास पाच मीटर वेगाने येऊन एक सहस्रांश सेकंदात थांबला, तर तेवढ्या क्षणापुरता सरासरी पाच हजार न्यूटन, म्हणजे सुमारे पाचशे किलोग्रॅमचा भार पडतो. तो भार इतका क्षणिक असतो की, दांडीस पिळून घेण्यास फारसा अवसर मिळत नाही, पण ठिसूळ गंज मात्र तडकतो. म्हणून पान्याच्या टोकास सतत लोंबकळण्यापेक्षा पाना ताणून धरून त्याच्या दांड्यावर हातोडीचे नेमके ठोके देणे हितकर. गॅरेजमधील इम्पॅक्ट गन हेच काम मिनिटास शेकडो वेळा करते. ड्रमवरील आडव्या खाचेच्या स्क्रूंसाठी हातोडीने ठोकावयाचा स्क्रू-ड्रायव्हर मिळतो. ठोका बसताच त्याचे टोक खाचेत दाबले जाते व त्याच क्षणी थोडे फिरते. त्याची किंमत एका दिवसाच्या भाड्याहून पुष्कळ कमी असते. ठोकताना डोळ्यांवर चष्मा असावा; गंजाची कपची डोळ्यात जाणे ही क्षुल्लक इजा नव्हे.

उष्णतेचे तत्त्व आपल्या लोहारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढविताना तो लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आगीत तापवितो. तापून मोठे झालेले कडे चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतताच आवळून चाकास घट्ट पकडते. नट सोडविताना याचीच पहिली पायरी घ्यावयाची. बाहेरचा नट तापवावा, आतला बोल्ट शक्य तितका थंड राहू द्यावा. चोवीस मिलिमीटर भोकाचा नट दोनशे अंशांनी तापला तर ते भोक सुमारे सहा शतांश मिलिमीटरने मोठे होते. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच. पण गंजाची पकड मोडावयास ती पुरते. तापविलेला नट थोडा निवल्यावर त्यास मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते व वंगणाचे काम करते. जुने कारागीर ही युक्ती करीत आले आहेत.

परंतु आता ती चौथी गोष्ट. रिमवर हवा भरलेला टायर असताना चाकाच्या नटांस किंवा रिमला ज्योत कदापि लावू नये. आतील रबर तापून त्यातून वायू निघतात, दाब वाढतो, आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढून टाकलेल्या टायरमध्येही आतील वायू पेट घेऊ शकतात. चाक काढून दूर नेल्यावाचून आग जवळ आणूच नये. ब्रेकच्या सिलिंडरात रबरी वाट्या असतात, नळ्यांत ब्रेक-ऑइल असते, हबमध्ये ग्रीस असते, जवळच डिझेलची टाकी असते, आणि आपण नुकतेच ज्वालाग्राही तेलही शिंपडलेले असते. ज्याच्याजवळ वाळूची बादली व सोबतीस दुसरा माणूस नाही, त्याने हा उपाय गॅरेजवाल्यावर सोपवावा.

आणखी काही अडचणी ब्रेकच्याच खास आहेत. सर्व स्क्रू निघूनही ड्रम हालत नाही, तेव्हा लोक त्याच्या कडेवर घण घालतात व ओतीव लोखंडाचा ड्रम तडकतो. पुष्कळ ड्रमांच्या तोंडावर दोन रिकामी आटेदार भोके असतात. ती शोभेसाठी नाहीत. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे कसले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. तरीही अडला तर दोष गंजाचा नसून ड्रमच्या आतील झिजेने झालेल्या कडेचा असतो. ब्रेक-शूचा ॲडजस्टर सैल करून शू आत घ्यावेत. चाकाच्या नटांविषयी एक विशेष असा की, काही जड गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे ते नट उजवीकडे फिरविल्याने सुटतात. बोल्टाच्या टोकावर बहुधा तशी खूण ठोकलेली असते. ती न पाहता दोन माणसे पाईपवर उभी राहून नट सोडविण्याऐवजी आवळीत असलेली महामार्गाच्या कडेला दिसतात, आणि मग गाडीला नावे ठेवितात.

हवा काढण्याचा निपल हा सर्वांत नाजूक. तो आतून पोकळ असतो, म्हणून जरा अधिक पीळ होताच कटकन मोडतो. शिवाय नेहमीचे ब्रेक-ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून तो आतूनही गंजू शकतो. त्यास तेल, टिचक्या आणि वेळ हे तीनच उपाय. पाईप कधीही नाही. त्यावर रबरी टोपी असावयास हवी. ती हरवलेली असेल तर नवी घालावी.

इतके करूनही बोल्ट तुटला तर? दांडीचा थोडा भाग बाहेर असल्यास त्यावर नवा नट ठेवून वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगची उष्णता व नवे डोके या दोहोंचा मिळून लाभ होतो. दांडी आतच मोडली असल्यास मध्यबिंदू नेमका ठोकून, लहान ड्रिलपासून सुरुवात करून, भोक पाडीत न्यावे लागते. येथे हात वाकडा गेला तर मूळ भागाचे आटे जातात. हे काम लेथ असलेल्या कारखान्यात नेऊन करून घेण्यात कमीपणा नाही.

जोडताना जुने बोल्ट ताणलेले व खाल्लेले असतील तर ते रद्दीत टाकावेत, व नवे घ्यावेत ते त्याच जातीचे, डोक्यावरील ८.८, १०.९ असे आकडे पोलादाची ताकद सांगतात, त्याहून हलका बोल्ट ब्रेकमध्ये घालणे हा गुन्हाच समजावा. ब्रेक-प्लेटच्या आट्यांना तांब्याचे किंवा तत्सम उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावले, तर पुढच्या वर्षी हेच काम अर्ध्या वेळात होते. पण चाकाच्या नटांस असे वंगण गाडीच्या कारखान्याने सांगितले असेल तरच लावावे. घर्षण कमी झाल्याने तोच पीळ दांडीस फार अधिक ताणतो, हे वरच्या एक दशांशाच्या हिशेबावरून ताडता येईल. मोठ्या ट्रकच्या चाकाच्या नटास सामान्यतः चाळीस ते साठ किलोग्रॅम-मीटर पीळ देतात. साठ किलोग्रॅम वजनाचा माणूस मीटरभर लांब दांड्याच्या टोकावर शांतपणे उभा राहिला तर साठ होतो. त्याने त्यावर उड्या मारल्या तर किती होतो हे कोणीच सांगू शकत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा पाहावा, मीटर असलेला पाना मिळाल्यास तोच वापरावा, आणि नट ओळीने न कसता समोरासमोरच्या जोड्यांनी कसावेत. ब्रेकमधील हवा काढून झाल्यावर पायाखालचे पॅडल टणक लागते का ते पाहावे, मग रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागी हळू चालवून दोन-चार वेळा थांबवून पाहावी. भार घालून महामार्गास लागल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की, चहासाठी जेथे गाडी थांबेल तेथे पाना काढून चाकाचे सारे नट एकदा पुन्हा तपासावेत.